निष्कर्षाला दोन गुण

विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या वर्गाला विचारलं, “निष्कर्ष म्हणजे काय?”

“प्रयोगाच्या शेवटी लिहायचं असतं ते,” ढब्बू म्हणाला. वर्गातला सगळ्यात धिप्पाड मुलगा, म्हणून त्याचं नाव ढब्बू.

“पण लिहायचं कशासाठी?”

“दोन गुण असतात त्याला.”

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण मनातून खट्टू झाल्या. निरीक्षण, अनुमान, पुरावा, निष्कर्ष हे शब्द त्या शाळा उघडल्यापासून घोटून घेत होत्या. व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ होत्या. पोरं त्या घडाघडा म्हणायची आणि तास संपला की वर्गातच सोडून जायची.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तर भिंतीवरचं घड्याळ खाली पडून त्याच्या काचेचा चुरा झालेला. शेजारी कमरेवर हात ठेवून मुख्याध्यापक उभे, आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून ढब्बू. त्याच्या दप्तरातून चेंडू डोकावत होता.

“हा चेंडू आणि हे घड्याळ. आणखी काय सांगायला हवं?” मुख्याध्यापक म्हणाले. “उद्या वडिलांना घेऊन ये.”

“सर, ते अनुमान झालं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. बोलली होती पुटपुट. पहिल्या बाकावरची ही मुलगी एरवी ओठातल्या ओठात बोलायची, त्यावरूनच तिला हे नाव पडलेलं. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली होती, पण आता माघार कशी घ्यायची?

“काय झालं म्हणालीस?”

“अनुमान, सर. पुरावा नाहीये अजून.”

बाईंनी खडू उचलला. “सर, थोडा वेळ बसता का? मुलांनाच शोधू द्या.”

मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसले. गुडघे काही केल्या बाकाखाली मावेनात.

“आधी निरीक्षण,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगायचं.”

“काच भिंतीला लागूनच पडलीय. लांब उडालेली नाही.”

“खिळा खाली वाकलाय.”

“खिळ्याखाली चुना सांडलाय.”

“ढब्बू घाबरलाय,” कोणीतरी म्हणालं.

“हे निरीक्षण की अनुमान?” बाईंनी विचारलं.

त्यावर अशी काही जुंपली की बाईंना मध्ये बोलायला फट सापडेना. घाम दिसतो, भीती दिसत नाही, असं शेवटी पुटपुटनं ठणकावलं आणि ढब्बूनं मान डोलावून दुजोरा दिला.

“खिळा आधीच सैल असणार,” तो हळूच म्हणाला. “भिंत हादरली की घड्याळ पडणारच.”

“भिंत हादरेल कशानं?”

तो उठून दाराशी गेला आणि दार धाडकन लावलं. त्याच भिंतीवरचा हाडांचा तक्ता थरथरला आणि वरून आणखी चुना सांडला. मग सगळे एकदम बोलायला लागले, दार कोणी आपटलं, कधी आपटलं.

शेवटच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला.

“सकाळी वर्ग मी उघडला होता,” मुख्याध्यापक म्हणाले. “किल्ली अडकून बसली. निघेचना. मग रागाच्या भरात जाताना दार...” त्यांनी हातानंच आपटून दाखवलं. “मग आता निष्कर्ष काय?”

एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कोण सांगणार? सगळे पुटपुटकडे बघू लागले.

ती उठली. “सर, खिळा सैल होता आणि दार जोरात लागलं. म्हणून घड्याळ पडलं. एवढाच निष्कर्ष निघतो. राग चुकीचा होता की बरोबर, ते विज्ञानात येत नाही.”

मुख्याध्यापक इतके हसले की बाकासकट हलले. मग उठून ढब्बूजवळ गेले, म्हणाले, “चुकलो रे बाबा,” आणि दप्तरातून घसरत आलेला चेंडू त्याच्या हातात दिला. ढब्बूला हसावं की रडावं कळेना, शेवटी त्यानं दोन्ही केलं.

आठवड्याभरानं पुटपुटची आई शाळेच्या फाटकाशी बाईंना भेटली.

“बाई, तुम्ही हिला काय शिकवलंत? काल मी म्हटलं, दूध मांजरानं सांडलं. तर म्हणते, आई, तू पाहिलंस का? तिचे बाबा तर हल्ली तोलूनमापून बोलतात.”

“त्रास देते का फार?”

“छे हो,” आई म्हणाली. “जेवताना नुसती बडबड असते घरात. आम्ही दोघं ऐकतच बसतो.”

बाई घराच्या वाटेला लागल्या. उद्या ‘गृहीतक’ घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या भर रस्त्यात एकट्याच हसल्या.