माझी शंभरी आणि महापौरबाई

शंभर वर्षं पुरी केलेल्या बाईला ताटकळत ठेवणाऱ्यासाठी आमच्या बंदरात एक शब्द आहे. तो मी इथं लिहीत नाही. एक तर ती बाई आमच्या शहराची महापौर आहे, आणि दुसरं म्हणजे मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले, तो शब्द मला नीट लिहिता यायचा नाही.

सकाळी येते म्हणाली होती. जेवणाची वेळ टळली. लाझान्याच्या कडा भट्टीत करपायला लागल्या आणि माझं इस्त्रीचं झंपर बसून बसून चुरगळलं.

आमच्याकडे कुणी शंभरी गाठली की महापौर स्वतः घरी येतो. छातीवरून देशाच्या झेंड्याचा हिरवा-पांढरा-लाल पट्टा, हातात फुलं आणि चांदीची पाटी. चौथ्या मजल्यावरच्या तेक्लाकडे गेल्या वर्षी ही महापौरबाई अशी वेळेवर आली होती की घड्याळ लावून घ्यावं. तेव्हापासून तेक्लानं ती पाटी जिन्यात टांगली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत खुपेल अशी. आज तीच तेक्ला माझी बडीशेपेची दारू पीत म्हणाली, "विसरली असेल गं, जेलिंदा. एवढं मोठं शहर, किती म्हाताऱ्या लक्षात ठेवायच्या तिनं?"

"तुला ठेवलं ना? मग मला ठेवायला काय जड जातंय?"

ही महापौरबाई, लोरेदाना, तशी वाईट नाही, हे मी रागातही म्हणेन. बाप गोदीत क्रेन चालवायचा, ही फेरीबोटीच्या खिडकीत तिकिटं विकायची. महापौर झाली तरी मासळी स्वतःच आणते. ती बांगडे निवडेपर्यंत एक जण गटाराचं गाऱ्हाणं सांगतो, दुसरा कबुतरांचं, आणि ही पिशवीचं पाणी बुटांवर गळत असताना सगळं ऐकून घेते. एकदा फुटपाथवर एका बाईचा पाय मुरगळला, तर हिनं तिला खांद्याला धरून घरी पोचवलं आणि वाटभर तिच्या शिव्या खाल्ल्या. पट्टा आधीच्या धिप्पाड महापौराच्या मापाचा आहे. हिच्या गुडघ्यापर्यंत लोंबतो, म्हणून मागून सेफ्टी पिन लावते. नवा शिव म्हटलं, तर म्हणते, आहे की चांगला.

शेवटी घंटी वाजली. माझ्या लेकीनं, मरिसानं, दार उघडलं. लोरेदाना धापा टाकत उभी. फुलं चेपलेली, बुटांना पिवळी चिकणमाती, झग्याच्या कडेला सरूची काटकी अडकलेली.

आमच्या शहरात पिवळी माती एकाच टेकडीवर आहे, आणि त्या टेकडीवर दफनभूमी आहे.

माझा जावई उगो पहिला ओरडला, "मयतावरून आलीय ही!"

झालं. लोखंडाला हात लावला की अपशकुन टळतो, म्हणून सगळे लोखंड शोधत धावले. उगोनं खिशातल्या किल्ल्या आवळल्या, पणतू खिडकीच्या गजांना लोंबकळले, त्यांतल्या धाकट्यानं माझी शेगडी धरली, आणि ती तापलेली असल्यामुळं अपशकुनाच्या आधी तोच किंचाळला. तेक्लानं अपशकुन परतवायला टेबलाखाली बोटांची शिंगं केली. मला दिसली.

मरिसा दारात आडवी झाली. "महापौरबाई, राग मानू नका, पण मातीवरून सरळ शंभर वर्षांच्या बाईकडं? आईला काही झालं तर?"

"मला काय व्हायचंय?" मी म्हटलं. "मी अजून जेवलेपण नाही."

"चुकलंच माझं," लोरेदाना म्हणाली. "बूट बदलायचं सुचलंच नाही. ही पाटी तेवढी घ्या, मी जाते."

"थांब. कोण गेलं?"

"इव्हो. धक्क्यावर जहाजांचे दोर बांधायचा. लहानपणी समुद्रापलीकडनं आलेला. नात्यातलं कुणी सापडलं नाही, म्हणून पालिकेनंच पुरला."

"मग उपमहापौराला धाडायचं!" तेक्ला म्हणाली. "पट्टा त्यालाही घालता येतो."

"किती माणसं होती तिथं?" मी विचारलं.

"पाद्री, खांदेकरी आणि मी." तिनं मान खाली घातली. "खड्ड्यात दगड लागला, वेळ गेला. खरं सांगते आजी, मी सारखी घड्याळ बघत होते. निघावंसं वाटलं. पण मी निघाले असते तर मूठभर माती टाकायला त्याचं असं कोण उरलं असतं? तुमच्याकडं वाट बघायला एवढी माणसं होती."

मरिसाचा हात अजून दाराच्या चौकटीवर होता. उगोच्या खिशात किल्ल्या वाजत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण या घरात कोण आत येणार हे अजून मी ठरवते.

मी काठी टेकत उठले. मरिसाचा हात चौकटीवरून काढला आणि लोरेदानाचा धरला. बर्फासारखा गार होता. तिला तशीच मातीच्या बुटांनी आत आणली, तेक्लाला खुर्चीवरून उठवलं आणि तिथं हिला बसवलं.

"हे बघ लोरेदाना," तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हटलं, "शंभर वर्षांत मी या शहराचे पुष्कळ धनी पाहिले. काळ्या शर्टातले फॅसिस्ट पाहिले, बँड लावून येणारे पाहिले. सगळे वेळेवर यायचे. तू उशिरा आलीस, आणि त्या सगळ्यांत महापौर म्हणावी अशी तूच. आता माझं ऐक. माझ्या मयताला येऊ नकोस. तिथं माझीच माणसं मावायची नाहीत. त्या दिवशी दुसरं कुणी एकटं असेल, तू तिकडं जा."