कोंबडीचं तोंड कुणाकडे

दर तीन महिन्यांनी जगातल्या मोबाइल कंपन्यांचा एक गोल तक्ता निघतो, केकसारखा कापलेला. त्यात येनफेई कंपनीची फोड पूर्वी हिरवी आणि चांगली जाडजूड होती. मग ती बारीक झाली, मग दोऱ्याएवढी उरली, आणि गेली चार वर्षं येनफेई त्या तक्त्यातल्या राखाडी फोडीत राहत होती. राखाडी फोडीचं नाव ‘इतर’. कुठे नोकरी करतेस असं कुणी विचारलं की च्यू यु-शिन सांगायची, “इतरमध्ये.” ताओयुआन शहरातल्या टॅक्सीवाल्यांनासुद्धा हा विनोद समजायचा, हे जास्त वाईट होतं.

यु-शिन बत्तीस वर्षांची, पदार्थविज्ञान शिकलेली. तिच्या सात जणांच्या गटानं दीड वर्ष खपून एक छोटा फोन तयार केला होता. दिसायला साबणाच्या वडीसारखा, पण ओल्या, तेलकट, खवल्यांनी माखलेल्या बोटांनाही तो बिनतक्रार दाद द्यायचा. कल्पना मावशीकडून आलेली. मावशी कीलुंगच्या मासळीबाजारात बसायची आणि हात बरबटलेले असले की फोन नाकाच्या शेंड्यानं उचलायची. नाकानं फोन उचलणाऱ्या माणसांकडे मोठ्या कंपन्यांचं लक्ष नाही, आपल्याला उभं राहायला तेवढी जागा पुरे आहे, असं यु-शिनचं म्हणणं होतं.

खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या हौ साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. फोनचा अख्खा विभाग एका मोठ्या कंपनीला विकून टाकावा. त्या कंपनीला येनफेईची पेटंटं हवी होती. माणसं नको होती आणि साबणाची वडी तर नकोच. मालक ल्याओ साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वर्षअखेरच्या जेवणात सांगतो.” त्या जेवणाला आज सगळे जमले होते. विक्रीची घोषणा हौ साहेबांच्या कोटाच्या खिशात घडी घालून तयार होती आणि यु-शिनकडे होती ती साबणाची वडी, पर्समध्ये.

वर्षअखेरचं जेवण म्हटलं की कोंबडी आली आणि कोंबडी आली की भीती आली. जुन्या काळी मालक लोक कुणाला तोंडानं जा म्हणत नसत. मेजवानीत कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे केलेलं असेल, त्यानं समजून घ्यायचं आणि नववर्षानंतर यायचं नाही. आता असं काही कुणी मानत नाही. मानत नसल्यामुळेच सगळी हॉटेलं कोंबडीची मान पंखाखाली खोचून पाठवतात.

गेल्या वर्षी खोचलेली ती मान ऐन जेवणात सुटली आणि थेट तेंगकडे बघायला लागली. तेंग म्हणजे कॅमेरा विभागाचा प्रमुख, हुशार आणि भयंकर मानी. मालक त्या वेळी फोनवर होते, त्यांनी कोंबडी पाहिलीसुद्धा नव्हती. सोमवारी तेंगचा राजीनामा आला, ‘घरगुती कारण’. दोन महिन्यांनी तो मोठ्या कंपनीत दिसला, आणि वर्षभरात त्या कंपनीच्या फोनमधून असे फोटो यायला लागले की येनफेईचीच माणसं गुपचूप तो फोन वापरू लागली. कोंबडीची गोष्ट मालक सोडून सगळ्यांना माहीत होती. मालकांना सांगायचं म्हणजे आपण असलं काही मानतो हे कबूल करायचं, आणि तसं कोण करणार?

यंदाचं हॉटेल हौ साहेबांनी निवडलं होतं. तिथला आचारी ताइनानचा, म्हातारा आणि हट्टी. मान खोचलेली कोंबडी म्हणजे लाजलेली कोंबडी, आणि लाजलेली कोंबडी वर्षाच्या शेवटी वाढायची नाही, असा त्याचा नियम. त्यामुळे साडेबाराला मुख्य टेबलावर आलेल्या कोंबडीची मान ताठ होती. वाढणाऱ्या बाईनं ताट टेबलामधल्या फिरत्या गोल काचेवर ठेवलं आणि निघून गेली. चोच बरोबर यु-शिनसमोर.

टेबलावरचे दहाही जण चहा बघायला लागले.

“हौ साहेब,” यु-शिन गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही मोठे. आधी मासा तुम्ही घ्या.” आणि तिनं काच फिरवली. मासा हौ साहेबांसमोर यावा एवढीच फिरवली. मासा नेमका कोंबडीच्या पुढच्याच ताटात होता, त्याला ती काय करणार?

हौ साहेबांनी चोचीकडे पाहिलं. “मासा मला पचत नाही, च्यू. आ-हुई, तुला भाजी हवी होती ना?” काच परत फिरली.

सॉफ्टवेअरवाली आ-हुई यु-शिनच्या शेजारीच बसली होती. चोच आपल्या पुढ्यात थांबते आहे हे पाहून तिनं घाईनं काचेला बोट लावलं. “मला कुठली भाजी? मी नुसतं सूप पिते.”

“आ-हुई ताई, सूप तिकडे आहे,” यु-शिन म्हणाली आणि पुन्हा फिरवली.

“तिकडे नाही, इकडे,” हौ साहेब म्हणाले आणि उलटी फिरवली.

यानंतर त्या टेबलावर एवढा आदर उफाळून आला, जेवढा येनफेईत अख्ख्या वर्षात कुणी पाहिला नसेल. जो तो दुसऱ्याला वाढायला धडपडत होता आणि स्वतः काहीच घेत नव्हता. यु-शिनला सवयच होती मोजायची, तिनं मोजलं: अकरा फेऱ्या, त्यांतल्या सात हौ साहेबांच्या. काच गुळगुळीत होती. हलक्या धक्क्याला पाव फेरी, जोरकस धक्क्याला दीड. अंदाज बांधून चोच हौ साहेबांच्या टायसमोर थांबवणं तिला तिसऱ्या प्रयत्नात जमलं, पण हौ साहेब करंगळीनं काचेला ब्रेक लावतात हे तिच्या हिशेबात नव्हतं.

मालक कोळंबीसाठी चॉपस्टिक उगारून बसले होते. कोळंबी त्यांच्यासमोरून अकरा वेळा गेली. सातव्या खेपेला त्यांनी एक धरली, सोलायला घेतली, आणि तेवढ्यात बुडवायच्या सॉसची वाटी निघून गेली.

“मी एकाहत्तर वर्षांचा आहे,” मालक म्हणाले. “मला एका जागी बसून जेवता येईल का? काय चाललंय तुमचं?”

काच थांबली. चोच हौ साहेब आणि यु-शिन यांच्या बरोबर मध्ये.

मालकांनी सगळ्यांच्या नजरा कुठे आहेत ते पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं. “हे? तुम्ही इंजिनीअर लोक ना रे?”

“आम्ही नाही मानत,” हौ साहेब घाईनं म्हणाले.

“कुणीच नाही मानत,” आ-हुई म्हणाली.

यु-शिनला वाटलं, आता गप्प बसले तर हौ साहेबांच्या खिशातला कागद बाहेर येईल आणि सगळं संपेल. “तेंग दादानं मानलं,” ती म्हणाली.

“तेंगचं काय?”

“गेल्या वर्षी मान त्याच्याकडे वळली होती. त्याला वाटलं, तुम्ही सांगताय. म्हणून गेला.”

मालकांच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. वर्षभर तेंगचं नाव निघालं की ते खिडकीबाहेर बघायचे. “त्याला तर पैसे देऊन पळवला होता,” ते म्हणाले.

“पैशांचं नंतर, मालक. आधी कोंबडी.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

दहाही जण पुन्हा चहाकडे वळले.

मालकांनी खिशातून कंपनीचा सगळ्यात भारी फोन काढला आणि कोळंबीच्या बोटांनी नंबर लावायला लागले. फोननं आधी कॅमेरा उघडला, मग हवामान सांगितलं, मग भाषा बदलून कोरियन केली. “च्यू, काय गं हे?”

“ओली बोटं नाही समजत त्याला. हा घ्या.” तिनं पर्समधून साबणाची वडी पुढे केली.

नंबर पहिल्या झटक्यात लागला. पलीकडे तेंगचा आवाज आला, मागे ताटांचा खणखणाट. तोही आपल्या कंपनीच्या मेजवानीत होता.

“तेंग, मूर्खा,” मालक म्हणाले, “कोंबडी बघून नोकरी सोडतोस?”

खणखणाट मागे पडला, तो बाजूला गेला असावा. मग तेंग म्हणाला, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“म्हणजे खरंच की काय?”

“तुम्ही थांबवलंसुद्धा नाहीत मला.”

“मला वाटलं तुला जायचंय. तिकडच्या कोंबडीचं तोंड कुणाकडे आहे?”

“इथं कोंबडी नाहीच. पिझ्झा आहे.” तेंगचा आवाज उतरलेला होता. “आवाज चांगला येतोय. कुठला फोन हा?”

“च्यूचा. शनिवारी येऊन बघून जा. नोकरीला ये म्हणत नाही. कॅमेरा किती वाईट आहे तेवढं सांग.”

“फार वाईट असेल,” तेंग म्हणाला. त्यात पहिल्यांदाच थोडी खुशी होती. “येतो.”

मालकांनी फोन रुमालानं पुसला आणि यु-शिनला परत न देता स्वतःच्या ताटाशेजारी ठेवला. “हौ, तुझा तो कागद उन्हाळ्यातल्या ड्रॅगन-होड्यांच्या सणापर्यंत खिशातच ठेव. च्यू, सहा हजार फोन बनव.”

“दहा हजार,” यु-शिन म्हणाली. “सहा हजारांसाठी फोनचे साचे बनवणारा दारातसुद्धा उभं करत नाही.”

“आठ. आणि सणापर्यंत संपले नाहीत तर विभाग विकायचा. चालेल?”

ती म्हणाली, “चालेल.”

मालकांनी कोंबडीची मान मोडून स्वतःच्या वाटीत टाकली आणि टेबलावरचे सगळे एकदम जेवायला लागले. हौ साहेबांनी मासासुद्धा घेतला.

“विकणार कोण?” ते यु-शिनकडे झुकून म्हणाले. “विक्रीची माणसं तर आपण जूनमध्येच काढली.”

“मी विकेन. मासळीबाजारात बसून.”

“आठ हजार? बुडशील.”

“बुडेन कदाचित.”

“मी येईन बघायला. माझा अंदाज खरा ठरताना मला समोरून बघायचाय.”

“जरूर या. नुसतं उभं राहू देणार नाहीत पण, टोपल्या उचलाव्या लागतात. आणि गमबूट घालून या, खाली सगळं पाणी असतं.”

हौ साहेबांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, नऊ नंबरचे गमबूट तिथंच मिळतात, की आधी घेऊन ठेवावे लागतात.