पाइपापासून एक इंच

इमारतीत त्यांना सगळे इंचकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे इंचकाका. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. निवृत्त झाला, पण डोळे निवृत्त झाले नाहीत. कुणाच्या घरी चहाला बोलावलं तर कप हातात घ्यायच्या आधी ते ओट्यामागे वाकून बघत.

"हा गॅसचा पाइप आणि ही विजेची वायर. मध्ये किती जागा आहे?"

"असेल की काका."

"असेल नाही. एक इंच पाहिजे. निदान एक इंच. आणि गॅसच्या मीटरपासून विजेचा बोर्ड सहा इंच लांब. वायरचं वरचं आवरण फाटलं, तार पाइपाला लागली, ठिणगी पडली, की पाइपाला भोक. पुढचं सांगायला तुम्ही उरणार नाही."

एवढं ऐकल्यावर चहा कुणाच्या घशाखाली उतरणार?

शेजारच्या टेलरमास्तरचा तर त्यांच्यावर खास राग होता. मास्तर घरीच शिवणकाम करायचा. त्याने स्वयंपाकघरात नव्या फरशा बसवल्या आणि मशीनच्या दिव्याची वायर सरळ पाइपावरून नेली. काकांनी आठवड्यात तीनदा येऊन त्याच्या बायकोला एवढं घाबरवलं की तिने चूल पेटवायलाच नकार दिला. शेवटी मास्तरला नव्या फरशांपैकी चार फोडाव्या लागल्या. त्याला आठ वर्षं झाली. मास्तर अजून त्या चार फरशांचं सुतक पाळत होता.

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. काका एकटेच राहायचे आणि बरे राहायचे. पण एक दिवस त्यांनी दूध चुलीवर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. पातेलं काळं ठिक्कर झालं, धूर जिन्यापर्यंत गेला. मास्तरने लगेच काकांच्या मुलीला फोन केला. हा फोन करताना त्याला किती समाधान वाटलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

मुलगी दुसऱ्या दिवशी हजर. चाळिशी ओलांडलेली, कचेरीत वीस माणसं हाताखाली, पण काका तिला अजून छकुली म्हणत.

"बाबा, पुरे झालं. माझ्याकडे चला."

"एका पातेल्यासाठी?"

"आज पातेलं, उद्या तुम्ही."

मुलीच्या घरी काही वाईट नव्हतं. पण तिथे काकांना पाहुण्यासारखं वाटायचं. सकाळी उठून कुठे उभं राहायचं हेच कळायचं नाही. या घरात निदान कुठल्या खुर्चीत बसायचं हे पायांना माहीत होतं.

"छकुले, पुढच्या बुधवारी गॅसवाल्यांची तपासणी आहे," ते म्हणाले. "माझ्या घरात एक जरी खोट निघाली, तर बॅग भरून तुझ्या मागून येतो. नाही निघाली, तर हा विषय परत काढायचा नाही."

मुलीने कपाळाला हात लावला. इंचकाकांच्या घरात खोट निघणार म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणार. पण दुसरा इलाज नव्हता. "शब्द?" तिने विचारलं. "शब्द," काका म्हणाले.

बुधवारी सकाळी दहा वाजता गॅसच्या तपासनीस बाई आल्या. तिशीची बाई, पायात जाड बूट, हातात फायली. खिशात लाकडाचा एक छोटा ठोकळा, बरोबर एक इंच जाडीचा. पाइप आणि वायर यांच्यामधून हा ठोकळा न अडकता गेला तर पास. काकांना तो ठोकळा बघून फार बरं वाटलं. या कामात आपल्या जातीचं कुणीतरी आहे!

मुलगी सुट्टी टाकून आली होती. मास्तरही आला होता, 'सहज'. गळ्यात टेप, कानाला पेन्सिल.

बाईंनी ओट्यामागे ठोकळा फिरवला. गेला. मीटरपाशी टेप लावली. सहाच्या जागी नऊ इंच. काका मास्तरकडे बघून हसले. मास्तरने छताकडे बघितलं.

मग बाई घरातल्या बोळात आल्या. मीटरपासून निघालेला गॅसचा पाइप छताच्या जरा खालून, झोपायच्या खोलीच्या दारावरून स्वयंपाकघरात जात होता. बाईंनी स्टुलावर चढून ठोकळा वर नेला. ठोकळा टक्कन अडला.

"काका, इथे वायर आहे."

"शक्य नाही."

"पाइपालाच बांधली आहे. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी. एक, दोन... सात ठिकाणी."

काका वर बघत राहिले. पांढऱ्या पाइपाला पांढरी वायर वेलीसारखी चिकटून गेली होती. वर्षभर ते रोज तिच्याखालून दहा वेळा जात होते.

"कुठल्या गाढवाने केलंय हे?" बाई म्हणाल्या. "ही बघा, पट्टी आवळून वायरचं आवरण कापलं गेलंय. तांबं दिसायला आलंय. आणि वायर चालू आहे! या माणसाला लायसन्स तरी आहे का?"

"आहे," काका म्हणाले. "चाळीस वर्षांचं."

मास्तरच्या तोंडातून "अरे देवा" निघून गेलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

बाई स्टुलावरून उतरल्या. "मी गॅस बंद करून सील लावते. वरचे दोन मजले करून चार वाजता परत येते. तोवर दुरुस्त झालं तर आजच पास करीन. नाहीतर पुढच्या महिन्यात."

त्या गेल्या. मास्तरने गळ्यातली टेप काढली आणि पाइपाला लावायचं नाटक केलं. "काका, एक इंच म्हणजे एक इंच बरं का. असेल नाही, पाहिजे!"

"बोल बाबा, बोल. आठ वर्षं थांबलायस."

"माझ्या चार फरशा, काका!"

"फरशांचं नंतर. आधी शिडी धर."

मुलगी म्हणाली, "बाबा, कसली वायर आहे ही? कापून टाका ना. पाच मिनिटांचं काम."

"कापायची नाही. सरकवायची."

काकांनी मेन स्विच बंद केला, टेस्टरने दोनदा खात्री केली आणि ड्रिल काढलं. वायर पाइपावरून उतरवून, कापलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून, हातभर खालून, दाराच्या चौकटीवरून न्यायची होती. म्हणजे भिंतीत भोकं पाडायची, त्यांत लाकडाच्या गुट्ट्या ठोकायच्या, क्लिपा लावायच्या. ड्रिलसाठी मास्तरच्या घरातून लांब वायरीचा बोर्ड आणला. तो आणताना मास्तरने तीन वेळा विचारलं, की हा पाइपापासून लांब ठेवला तर चालेल ना.

ड्रिल सुरू झालं. तीन भोकं पडल्यावर कानांना दडे बसले. मास्तर ओरडला, "काका, हे आधीच का नाही केलंत? तुमच्यासारखा माणूस पाइपाला वायर बांधतो?"

काकांनी ड्रिल थांबवलं.

"तुझ्या काकूला आवाज सहन होत नव्हता," ते म्हणाले. "शेवटी शेवटी भांडं जरी वाजलं तरी डोकं धरायची. हाक मारायला आवाज उरला नव्हता. मी स्वयंपाकघरात असायचो, मला काय कळणार? म्हणून पलंगाशी बटण लावलं आणि ओट्याशी बेल. पण वायर न्यायची कुठून? भिंतीत भोक पाडलं तर ती कळवळणार. पाइप आयता जात होता. म्हटलं, आज बांधून टाकू, उद्या नीट करू."

"मग?"

"मग काय. उद्या राहिलं."

मुलगी दाराशी उभी होती. "किती वेळा वाजवायची?" तिने विचारलं.

"अगं, चोवीस तास! मी कणकेचे हात घेऊन धावत जायचो. विचारायचो, काय गं, पाणी? नको. औषध? नको. मग कशाला वाजवलीस? तर पुटपुटायची, काही नाही, आहात का बघितलं. एकदा मी चिडलो. म्हटलं, बाई गं, जाऊन जाऊन कुठे जाणार आहे मी? तर लगेच पुन्हा वाजवली. मी समोर उभा असताना!"

मास्तर शिडीला धरून हसायला लागला आणि मधेच थांबला. त्याने नाक पुसलं. "धुरळा फार उडतो बुवा," तो म्हणाला.

चार वाजता बाई आल्या. ठोकळा काढायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी काढला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सरकवलेल्या वायरीच्या अकरा क्लिपा एका रेषेत, शिवणीच्या टाक्यांसारख्या. हे मास्तरनेच कबूल केलं. बाईंनी सील काढलं, साबणाचं पाणी लावून सांधे तपासले आणि फॉर्म भरायला घेतला.

"वायर कशाची?"

"बेलची. पलंगापासून ओट्यापर्यंत."

"वापर कोण करतं?"

मास्तर हळूच म्हणाला, "सांगा, पाहुणे."

काका म्हणाले, "आता कोणी नाही."

बाईंनी पेन थांबवलं. "माझं काम अंतरापुरतं. अंतर बरोबर आहे. पास." त्यांनी सही केली, कागद हातात दिला आणि जिना उतरून गेल्या.

काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग पुन्हा मेन स्विच बंद केला आणि स्टूल ओट्याच्या बोर्डाखाली ओढलं.

"आता काय?" मुलगी म्हणाली.

"वापरात नसलेली चालू वायर म्हणजे घरात पाळलेला साप. मी शंभर जणांना सांगितलंय. हाच सांगेल." त्यांनी मास्तरकडे बोट केलं.

मास्तर म्हणाला, "राहू द्या काका. मी कुणाला सांगणार नाही."

"तू नाही सांगणार. मला तर माहीत असेल ना."

त्यांनी बोर्डातून दोन्ही टोकं सोडवली. मग एकेक क्लिप उचकटली. जे लावायला पाच तास गेले ते काढायला दहा मिनिटं लागली. वायर त्यांनी हातावर गुंडाळून घेतली. भिंतीत अकरा भोकं उरली.

मग ते आत गेले आणि बॅग घेऊन आले. आत आधी ड्रिल ठेवलं, मग टेस्टर, पकड, टेप. कपड्यांना जागा उरली नाही, म्हणून दोन सदरे वर नुसते दाबले.

"बाबा, हे काय?"

"सकाळी खोट निघाली. शब्द दिला होता. चल."

"पण कागदावर पास लिहिलंय!"

"कागद चारचा आहे. खोट दहाची. एक इंच म्हणजे एक इंच, छकुले."

आठवडाभर मुलीला हेच हवं होतं. आता बाबा पायात चपला सरकवत होते आणि तिला ते बघवत नव्हतं.

काकांनी बॅगेची चेन ओढता ओढता विचारलं, "तुझ्याकडे ती धूर ओढायची चिमणी बसवलीय ना, तिची वायर कुठून आणली?"

"मला काय माहीत. यांनी बसवली."

"जावईबापूंनी? स्वतः?"

"हो. सुट्टीच्या दिवशी."

"आणि गॅसचा पाइप कुठून येतो?"

मुलीने डोळ्यांसमोर आपला ओटा आणला. तिचा चेहरा हळूहळू उतरला. "त्याच भोकातून," ती म्हणाली.

"एकाच भोकातून!" काकांचा आवाज चढला. आज दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "आणि मागे काय, नव्या फरशा?"

"गेल्याच वर्षी बसवल्या."

मास्तर पुढे आला. आठ वर्षांचा अनुभव त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. "ताई," तो कळवळून म्हणाला, "मी तुम्हाला भावासारखा. यांना कायमचं नेऊ नका. घर राहणार नाही तुमचं."

मुलगी हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि तिथेच जरा रडलीही. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला शब्दातून मोकळं केलं. तुम्ही इथेच राहा. रविवारी माझ्याकडे या, ते भोक बघा, काय फोडायचं ते फोडा आणि संध्याकाळी परत घरी या."

काकांनी चपला काढल्या. मग एक पायात परत घातली. "रविवारपर्यंत चिमणी लावायची नाही."

"नाही लावत."

"जावईबापूंना हात लावू द्यायचा नाही."

"नाही देत."

"शिडी आहे तुझ्याकडे?"

"नाही."

काकांनी मास्तरकडे बघितलं.

"रविवारी मला काम आहे," मास्तर म्हणाला.

"किती वाजता?"

"दिवसभर, काका!"

"मग सकाळी सातलाच निघू," काका म्हणाले, आणि तिघांचा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.