गुढी उतरेपर्यंत

संचिताला पहिला मुलगा झाला, त्या हिवाळ्यानंतर आलेला पाडवा. म्हणजे २०२४ साल. बाळाचा पहिलाच पाडवा, तेव्हा आजोळाहून साखरेची गाठी जायला हवी होती. संचिताचं सासर कल्याणपलीकडे, विठ्ठलवाडीला. गाठी कोण नेणार हे ठरलेलंच होतं. धाकटी बहीण कल्पिता, आपल्या स्कूटरवरून.

या दोघींचा आजा शिवराम. मूळचा माण तालुक्यातला, पण चाळीस वर्षं डोंबिवलीजवळ कोपरला राहून लग्नाच्या मांडवांत फेटे बांधत आलेला. "माझा फेटा वरातीत नाचला तरी हलत नाही," असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं.

त्याचा एक नेम होता. पाडव्याला बांधलेला फेटा गुढी उतरेपर्यंत डोक्यावरून काढायचा नाही. त्याच्या गावी माणूस बोडक्या डोक्याने दिसला की समोरचा एकच विचारायचा, "कोण गेलं?" सणाच्या भर दुपारी डोकं उघडं करणं म्हणजे घरात मरण बोलावणं, असं त्याचा बाप म्हणायचा. बाप गेला, गाव सुटलं, पण हे काही सुटलं नाही.

डोंबिवलीत पाडव्याला स्वागतयात्रा निघते. नऊवारी नेसून, फेटे बांधून मुली गाड्यांवर बसतात. त्या वर्षी आळीतल्या मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, गाडीवर बसणाऱ्या मुलींनी हेल्मेट घालावं, कायदा आहे. शिवराम ताडकन उठला.

"सरदारांना पगडीवर सूट आहे ना? मग आमचा फेटा काय चिंधी आहे?"

टाळ्या पडल्या. विषय तिथेच संपला. घरी येताना शिवरामची चाल जरा ताठ झाली होती.

दोन दिवसांनी तो कापड आणायला उल्हासनगरला गुरबचन सिंगच्या दुकानात गेला. पगडीचं आणि फेट्याचं कापड तिथे एकाच कपाटात असायचं. वीस वर्षांची ओळख.

"काय शिवरामभाऊ, आमचं नाव घेऊन भाषण ठोकलंस म्हणे?"

"खोटं बोललो का?"

"खोटं नाही. अर्धं बोललास." गुरबचनने कात्री बाजूला ठेवली. "पगडी माझा धरम आहे. ती उतरवत नाही म्हणून पुलिस मला सोडते. माझ्या लहान भावाला पण सोडायची. ट्रकने नाही सोडलं."

शिवराम कापडाचा पोत बोटांनी बघत राहिला.

"मी पगडीतच गाडी चालवणार," गुरबचन म्हणाला. "काय होऊ शकतं ते मला ठाऊक आहे, मी ते कबूल केलंय. तुझ्या पोरींना विचारलंस का कोणी? तुझा फेटा सालातून एक दिवस. तो काढता येतो, भाऊ."

"पाडव्याला काढायचा नसतो."

"मग गाडीवर बसवू नकोस. चालत जाऊ दे."

"तू कापड काप," शिवराम म्हणाला.

पाडव्याच्या सकाळी घरात गडबड. कल्पिता चोवीस वर्षांची, ठाण्याला नौपाड्यात हाडांच्या डॉक्टरकडे कामाला. गाडीवरून पडलेली माणसं तिला रोज दिसायची. म्हणून ती कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही हेल्मेट घालायची.

तिची आई प्रमोदिनी हळूच म्हणाली, "आबा, हेल्मेटवरच बांधा की तिचा फेटा."

"फेटा डोक्याला बांधतात, माठाला नाही."

कल्पिता हसायला लागली. "अहो आबा, माझं डोकं म्हणजे माठ, असं तुम्हीच म्हणता ना!"

"टोक दातात धर आणि गप्प बस."

तिने टोक दातात धरलं. शिवरामने सात मीटर भगवी मलमल तिच्या डोक्याभोवती घेतली, एकेक पीळ ओढून, बसवून. तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला. असा फेटा त्याने कित्येक वर्षांत बांधला नव्हता. हेल्मेट स्कूटरच्या हुकाला लटकलं.

यात्रेत काही झालं नाही. गाड्या माणसांच्या पावलानेच चालल्या होत्या. अकराला सगळे घरी आले, श्रीखंड-पुरी झाली. एक वाजता कल्पिता गाठीची पिशवी घेऊन निघाली आणि दारात थांबली.

"आबा, आता सोडा ना हा. यावर हेल्मेट बसत नाही."

"गुढी वर आहे अजून."

"अहो, पत्रीपुलाच्या बाजूला सगळे डंपर असतात. तिकडे पोचले की परत बांधते ना कसातरी."

"कसातरी? बाळाचा पहिला पाडवा, आणि मावशी बोडक्या डोक्याने घरातून निघणार?"

तिने शेमल्याचं टोक धरलं होतं. शिवरामने तिचा हात धरून बाजूला केला. जोरात नाही, पण केला.

"मंडळात मोठ्या तोंडाने बोललोय मी, पोरी. माझ्याच घरात नको."

कल्पिताने त्याच्याकडे बघितलं. सणाच्या दिवशी म्हाताऱ्याशी भांडण नको, असं तिच्या मनात आलं असेल.

"बरं बाबा, जिंकलात," ती म्हणाली.

पत्रीपूल ओलांडल्यावर रस्त्यावर खडी सांडली होती. स्कूटर घसरली आणि तिचं डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. ज्या रिक्षावाल्याने तिला इस्पितळात नेलं, तो शिवराम येईपर्यंत तिथेच थांबला होता. बिचारा समजावून सांगत होता.

"काका, आम्हाला वाटलं पोरीला चक्कर आली. फेटा जसाच्या तसा होता. रक्त कुठे दिसलंच नाही. आम्ही पाणीच मारत बसलो. पाच-दहा मिनिटं त्यातच गेली हो."

फेटा हलला नव्हता. डॉक्टरांना पीळ सुटेनात, म्हणून त्यांनी तो कात्रीने कापला. कापलेले तुकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून नर्सने शिवरामच्या हातात दिले. बाहेरून भगवे, आतून काळे. पोलिसाने स्कूटरवरचं सामान आणून ठेवलं. गाठीचा चुरा झाला होता. हेल्मेटवर ओरखडा नव्हता.

प्रमोदिनी सासऱ्याच्या शेजारून उठली. तिने हेल्मेट उचललं आणि मांडीवर घेऊन बसली.

घरी गुढीजवळ कोणीतरी जायला हवं, म्हणून शिवरामला पुढे धाडलं. उन्हं उतरायला लागली होती. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरून त्याने आपल्या डोक्याचा फेटा सोडला, हातावर गुंडाळला आणि चालायला लागला. खिडकी-खिडकीत गुढ्या अजून वर होत्या. त्याचीही होती.

इमारतीच्या पायरीवर रखमाबाई बसली होती. तीही माण तालुक्यातलीच. तिने त्याचं उघडं, पांढरं डोकं बघितलं आणि ती उठून उभी राहिली.

"शिवरामा, कोण गेलं रं?"

"माझी कल्पिता," शिवराम म्हणाला. "मी फेटा सोडू दिला नाही."

कल्पिता श्रीपाद काटकर, वय चोवीस, ही ९ एप्रिल २०२४ रोजी, मंगळवारी, गुढीपाडव्याला दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कल्याणला वारली.