आसाम हैदराबादवरून लागत नाही

नीलम्मानं एखादी गोष्ट मनावर घेतली की सोलापुरात शेळगीच्या त्या गल्लीत दोन माणसांना घाम फुटायचा. एक तिचा नवरा सिद्धप्पा, कारण शिडी धरायला तोच. आणि दुसरा शेजारचा प्रभुलिंग, कारण काही मागायचं झालं की ती त्याच्याच दारात उभी राहायची. ह्या खेपेला तिनं मनावर घेतलं होतं ते एका म्हाताऱ्या माणसाची टिकटिक ऐकायचं, आणि तो माणूस बसला होता थेट आसामात, जोरहाटला.

तो माणूस म्हणजे चनमल्लप्पा मास्तर. मूळचे अक्कलकोटचे. सोलापूरच्या तारघरात त्यांचा जन्म गेला. नीलम्मा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल लावायची. डबा खाऊन झाला की बाकीच्या बायका विणकाम काढायच्या आणि ही खाली जाऊन मास्तरांकडून मोर्स शिकायची. आखूड ठोका म्हणजे डॉट, लांब ठोका म्हणजे डॅश, आणि त्या दोहोंतून सगळी अक्षरं. पुढं मास्तरांनीच तिला हौशी रेडिओच्या, म्हणजे घरबसल्या हवेतून संदेश पाठवायच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलं. ती पास झाली तेव्हा शाबासकी द्यायची सोडून मास्तर म्हणाले होते, "तुझा डॅश आखूड पडतो. घाई करतीस."

तारघरं बंद झाली, एक्स्चेंजचे बोर्ड भंगारात गेले, दोघंही निवृत्त झाली, पण हवेतलं बोलणं काही थांबलं नाही. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मुलगी सिद्धेश्वरी जोरहाटला बँकेत होती, ती त्यांना घेऊन गेली. मास्तरांनी कपड्यांच्या आधी आपला इवलासा रेडिओ बॅगेत भरला. तिथं अंगणातल्या दोन सुपारीच्या झाडांना तार बांधली आणि दर गुरुवारी सकाळी आठला नीलम्माशी बोलायला लागले. माणसाचा आवाज गेला तरी हात राहतो. मास्तरांच्या हाताला एक लकब होती: शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधी ते किंचित थांबायचे, उंबऱ्यावर थांबून चपला घालणाऱ्या माणसासारखे. हजारात तो हात नीलम्मानं ओळखला असता. बोलणं संपलं की दोघंही शेवटी दोन-दोन डॉट द्यायची. टिक टिक. हा ह्या मंडळींचा निरोप.

मग सहा महिन्यांपूर्वी घरामागच्या शेडमध्ये नवे माग बसले आणि सगळा घोटाळा झाला. त्या मागांच्या मोटारी रेडिओत अशी खरखर ओतायच्या की विचारू नका. नीलम्माचा सेट दांडगा, तिचं बोलणं जोरहाटला स्वच्छ पोचायचं. मास्तरांचं बारीक उत्तर मात्र इकडं त्या खरखरीत बुडून जायचं. शेडच्या मालकाला तिनं गुरुवारी दहा मिनिटं माग बंद ठेवायला सांगून पाहिलं. त्यानं चहा पाजला, मोर्सची चौकशी केली, आणि माग काही बंद ठेवले नाहीत. वीज जाईल, सेट बॅटरीवर चालवू म्हणावं, तर ती गुरुवार सोडून सगळ्या वारी जायची.

सिद्धेश्वरीनं एकदा मास्तरांच्या रेडिओजवळ मोबाईल धरून पाहिला. मोबाईलनं त्या टिकटिकीला गोंगाट समजून गिळून टाकलं. मग तिनं वडिलांपुढं वही धरली, काय सांगायचंय ते लिहा, मी मावशीला कळवते. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'तिलाच ऐकू दे.' म्हातारा हट्टी खरा, पण शिष्याही काही कमी नव्हती. दर गुरुवारी आठला ती त्यांना हाक घालायची, पाच मिनिटं घरातलं, गल्लीतलं सांगायची, कान देऊन बसायची आणि शेवटी कळवायची: ऐकू येत नाही, पुढच्या गुरुवारी परत, टिक टिक. थोड्या वेळानं सिद्धेश्वरीचा मेसेज यायचा, "अप्पांनी उत्तर दिलं, मावशी." काय उत्तर दिलं, ते देव जाणे आणि मास्तर जाणे.

असे सहा महिने गेल्यावर एक दिवस सिद्धेश्वरीचा फोन आला.

"मावशी, माझी बदली झाली. बेंगळुरू. सतराव्या मजल्यावर फ्लॅट हाय, गॅलरीत कपड्याची दोरीबी बांधू देत न्हाईत. अप्पांची तार कुटं बांधू? महिनाअखेरीला निघायलोय. तीनच गुरुवार राहिले की."

नीलम्मानं फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. पाइप आणायचाय."

पहिला गुरुवार सामान जमवण्यातच गेला. तिनं डोक्यात सगळं मांडून ठेवलं होतं. गच्चीच्या मधोमध तीस फुटी पाइप. त्याच्या शेंड्यावरून चार दिशांना चार तारा, तंबूच्या दोऱ्यांसारख्या उतरत्या. ऐकायचं एका वेळी एकाच तारेवर. पण उरलेल्या तिघी नुसत्या लोंबत नाहीत. प्रत्येक तारेपासून पाइपावरच्या खोक्यापर्यंत एक केबल येते, आणि ती नेमक्या लांबीची कापली तर गप्प बसलेल्या तारा मागून आडोसा धरतात. मग समोरचं जास्त ऐकू येतं आणि पाठीमागचं कमी. चारही केबली सव्वासतरा फूट. सिद्धप्पाच्या हातून एक अर्धा फूट आखूड कापली गेली, तर तिनं त्याला भर उन्हात सात रस्त्याच्या दुकानात परत पाठवलं. एप्रिलचं ऊन, त्यात त्याचा गुडघा, पण बोलायची टाप होती कुणाची!

कोणती तार जोडायची ते खाली खोलीतून ठरवायचं होतं. त्यासाठी बाजारात गोल फिरवायची बटणं मिळतात. नीलम्मानं माइकच्या दुकानातून चार भोकांची पट्टी आणि एक पिन आणली. पिन ज्या भोकात खुपसाल ती तार चालू. सिद्धप्पा बघतच राहिला.

"पुन्हा एक्स्चेंजमधी नोकरीला लागलीस की!"

"तितं दुसऱ्यांचे कॉल लावले एकतीस वर्षं," ती म्हणाली. "हा माझा हाय."

भोकांवर तिनं कागद चिकटवले. सोलापूरच्या माणसाला दिशा विचारू नये, नाका विचारावा. उत्तरेला तुळजापूर, पूर्वेला हैदराबाद, दक्षिणेला विजापूर, पश्चिमेला मंगळवेढा.

"आन जोरहाट कुठल्या नाक्यावर?" सिद्धप्पानं विचारलं.

"हैदराबाद," ती बेधडक म्हणाली. "आसामचा कॉल कायम हैदराबादवरूनच लागायचा. हैदराबाद, तितनं कलकत्ता, तितनं गुवाहाटी. डोळं झाकून सांगते."

आता पूर्वेची तार ओढायची तर ती कठड्याबाहेर जात होती आणि तिचं टोक बांधायला प्रभुलिंगाच्या परड्यातल्या कडुलिंबाशिवाय दुसरं काही नव्हतं. प्रभुलिंगानं वीज पडण्यापासून झाड वाळण्यापर्यंत सगळ्या शंका काढल्या. नीलम्मानं प्रत्येकीचं उत्तर दिलं आणि शेवटी बरणीभर शेंगाचटणी दिली. तेव्हा कुठं दोरी बांधली गेली.

दुसऱ्या गुरुवारी आठला तिनं हैदराबादच्या भोकात पिन घातली, हाक दिली आणि कान टवकारून बसली. खरखर थोडी कमी होती. तिच्या तळाशी काहीतरी होतं, कागदावरून मुंगी चालावी इतकंच. अक्षर एक लागेना. तिनं पिन काढून तुळजापुरात घातली. तीच खरखर, तीच मुंगी. विजापूर आणि मंगळवेढा दोन्हींवर तर नुसता खरखरीचा धबधबा. ती पुन्हा हैदराबादवर आली, पुन्हा तुळजापुरावर, अशी वीस मिनिटं. मग तिनं कळवलं, ऐकू येत नाही, पुढच्या गुरुवारी परत. टिक टिक. आणि हेडफोन काढून ती रडली. मोठ्यानं नाही, पण रडली, आणि सिद्धप्पानं ते पाहिलं.

"हे बघ नीला," तो शेजारी बसत म्हणाला, "जेवढं करायचं तेवढं केलंस. आता साकु कर."

साकु म्हणजे पुरे. त्या घरात कन्नड असं अधूनमधून मराठीच्या पंगतीला येऊन बसायचं.

"साकु म्हणायला मी अजून मेले न्हाई," नीलम्मानं डोळे पुसले आणि ती गच्चीवर गेली.

ऊन चढलं होतं. पाइपाला पाठ टेकून ती उभी राहिली. एक हात तिनं तुळजापूरकडं केला, दुसरा हैदराबादकडं. हैदराबादवर जेवढं ऐकू आलं, तेवढंच तुळजापुरावर. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. मग माणूस आहे कुठं? दोन्हीकडं सारखाच, म्हणजे दोन्हींच्या मधोमध! तिनं दोन्ही हात हळूहळू समोर आणून जोडले. बोटं गच्चीच्या ईशान्य कोपऱ्याकडं रोखली गेली. आणि धबधबा विजापूर आणि मंगळवेढा दोन्हींवर सारखाच, म्हणजे तो बरोबर पाठीमागं. ती वळली. पाठीमागच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पलीकडं, अगदी रेषेत, त्या शेडचे पत्रे चकाकत होते.

नीलम्मानं कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षांची नोकरी आडवी आली होती. आसाम हैदराबादवरून लागायचं ते तारेच्या खांबांना. हवेला कुठली आलीय ट्रंक लाइन? मास्तरांची टिकटिक हैदराबादला न थांबता नाकासमोर येत होती. आणि ही शहाणी निम्मं तोंड त्यांच्याकडं आणि निम्मी पाठ खरखरीकडं करून बसली होती.

"अहो!" ती जिन्यातून ओरडली. "पाइप खाली घ्यायचा! तारा कोपऱ्यांकडं फिरवायच्या!"

सिद्धप्पा वर आला, त्यानं चारही कोपऱ्यांकडं पाहिलं आणि हिशेब लावला. "म्हंजे आपल्याच गच्चीचे चार कोपरे? कुणाचं झाड न्हाई, काई न्हाई?"

"व्हय."

"मग ती चटणी?"

"गेली चटणी."

पाइप उतरवायला आणि चढवायला चार दिवस गेले. नीलम्माच्या तळव्यांना फोड आले, त्यांवर तिनं चिंध्या बांधल्या. मंगळवारी एक तार गाठीपाशी तुटली. बुधवारी तिनं ती नव्यानं ओढली. प्रभुलिंग आपणहून दोर धरायला आला, पण ईशान्येचा कोपरा बघून चपापला.

"वहिनी, ईशान्येला लोखंड नको. देवाची जागा ती."

"तार तांब्याची हाय," नीलम्मा म्हणाली. "वढा."

भोकांवरचे नाके आता खोटे पडले होते. तिनं चारही कागद खरवडून काढले आणि जागा कोरीच ठेवली.

शेवटच्या गुरुवारी पावणेआठलाच ती रेडिओसमोर बसली. सिद्धप्पा दारात उभा, पंखा बंद, कुकर बंद. तिकडं जोरहाटला सामानाची खोकी बांधून झाली होती. सिद्धेश्वरीनं रात्रीच कळवलं होतं की अप्पा रेडिओला हात लावू देत नाहीत, तो सगळ्यात शेवटी. नीलम्मानं ईशान्येच्या भोकात पिन घातली. खरखर एकदम मागं सरली, कुणी तिला दुसऱ्या खोलीत घालून दार लोटावं तशी. तिनं हाक घातली आणि हात मांडीवर ठेवला.

आलं. अक्षरं कळायच्या आधी हात कळला. शब्द चालत आला, शेवटच्या अक्षरापाशी किंचित थांबला आणि बाहेर पडला. मास्तर! सहा महिन्यांनी मास्तर! पेन्सिल आपोआप चालत होती आणि तिला कागद दिसत नव्हता, इतकं पाणी डोळ्यांत. पुसून तिनं वाचलं.

'डॅश अजून आखूड.'

ती खदखदून हसली. सिद्धप्पा घाबरून पुढं आला. "काय म्हणालेत?"

"रागवायलेत," ती हसत, रडत म्हणाली. "सहा महिने रागवायलेत, आन मला पत्ता न्हाई."

तिनं कळवलं, ऐकलं मास्तर. मग एकाच शब्दाचा प्रश्न आला: 'खरं?' खरं असल्याचा पुरावा म्हणून तिनं त्यांचंच वाक्य त्यांना परत पाठवलं, डॅश अजून आखूड. मग मास्तर बोलायला लागले, एकेक अक्षर सावकाश, आणि ती मोठ्यानं वाचत गेली, सिद्धप्पालाही कळावं म्हणून.

'आवाज गेल्यावर लोक माझ्याशी बोलायचे थांबले. उत्तर येत नाही, मग काय बोलायचं. तुलाही उत्तर ऐकू येत नव्हतं. तू दर गुरुवारी बोललीस.'

सिद्धप्पानं दाराची चौकट धरली. नीलम्मा पुढचं वाचायची थांबली होती, कारण पुढं एकच शब्द होता, आणि तो मास्तरांनी शेवटच्या अक्षरापाशी थांबून, चपला घालून, मग बाहेर सोडला.

'साकु.'

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हात सरळ केला. निरोप तिनं मोठा दिला नाही. प्रवास सांभाळून करा, बेंगळुरूला अवचित पाऊस येतो, छत्री वरती ठेवा. पण त्यातला प्रत्येक डॅश तिनं मोजून दिला, जसा तारघरात डबा खाऊन झाल्यावर त्यांच्यासमोर द्यायला हवा होता तसा लांब. घाई केली नाही. शेवटी, टिक टिक.

खरखर बारीक चालू होती. पिनेवर बोट ठेवून ती थांबली.

टिक, आलं. मग जरासं थांबून, टिक.