पाहुणीचा डबा

“मोठ्यानं वाचा की, मास्तर. पोरांना उद्या काय शिकवणार ते मलाही कळू दे,” दवाखान्यातल्या खाटेवरून यूफन म्हणाली.

लुआन मास्तर चपापले. चीनच्या शांतुंग प्रांतातल्या एका गावात सारी हयात त्यांनी पोरांना इंग्रजी शब्दांची कुळं सांगितली. बायकोनं बाजारात कोबी विकून संसार ओढला. त्यांचा वर्ग तिनं कधी ऐकला नव्हता.

“हॉस्पिटल,” ते म्हणाले. “मुळात लॅटिन शब्द. त्याचा अर्थ पाहुणा. वाटसरूला आसरा द्यायचं घर, ते हॉस्पिटल. आजारी माणसं नंतर आली. हॉटेलही त्याच घराण्यातलं.”

“अगंबाई! म्हणजे मी इथं पाहुणी?” हसता हसता तिला खोकला आला. “मग पाहुणी निघणार कधी?”

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी आजार तिला सांगितला नव्हता, मुलाला सांगितला होता. तिकडची रीतच तशी. चिएनपिंगनं जिन्यात बापाला बजावलं होतं, “बाबा, आईला अल्सर झालाय. अल्सरच! दुसरं काही बोललात तर ती हाय खाईल.” मास्तरांनी मान डोलावली होती. त्याची त्यांना रोज लाज वाटे.

“बरी झालीस की निघायचं,” ते म्हणाले.

“खोटं बोलताना तुम्ही खिडकीकडे बघता. लग्नापासून बघतेय मी.”

रोज ते डब्यातून नूडल्स आणत. त्यांच्याकडे घरी परतलेल्या माणसाला नूडल्स वाढतात आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्याला मांस-कोबी भरून उकडलेल्या करंज्या. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा कणीक मळली.

चिएनपिंगनं दारातच डबा उघडून पाहिला आणि तो पांढराफटक पडला. “बाबा, वेड लागलंय का? आई एका नजरेत ओळखेल!”

“म्हणूनच आणल्यात,” म्हणत मास्तर आत गेले.

यूफन उघड्या डब्याकडे पाहत राहिली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत नव्हते.

“कडा नीट मिटल्या नाहीत तुम्ही. निम्म्या फुटल्यात,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “व्हिनेगर आणलंत?”

त्यांनी खिशातून बाटली काढली.

“बरं झालं. आता मला पोचवायला फार लांब येऊ नका हं. दारापर्यंत पुरे.”

तिकडे निघताना पाहुण्यानं असंच म्हणायचं असतं. ‘सावकाश जा,’ हे यजमानाचं उत्तर मास्तरांच्या तोंडून निघेना. त्यांनी फुटलेल्या करंज्या आपल्या बाजूला ओढल्या आणि धड राहिलेल्या तिच्यापुढे सारल्या.