खिशाचे साचे

माझ्या थोरल्याला खोकला झाला की कोपऱ्यावरचा डॉक्टर छातीचा फोटो काढायला लावायचा, डाग बघायचा आणि म्हणायचा, "इन्फेक्शन. कापडाची धूळ बाधते." गोळ्या घेतल्या की ताप उतरायचा, थोरला परत मशीनवर बसायचा. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

"धूळ बाधते तर तुझ्या बापाला कशी नाही बाधली?" मी म्हणायची. "जन्मभर शिवत होते, गेले ते पाय घसरून."

थोरला हसायचा. हसला की खोकायचा.

थुंकीत रक्त दिसलं तशी मी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. नवा फोटो उजेडावर लावून म्हणाली, "आधीचे फोटो दाखवा. डाग किती जुना आहे ते कळेल."

थोरल्यानं मान खाली घातली. आम्ही शिंपी एक्स-रे फेकत नाही. कडक असतो, कडा झिजत नाहीत, कॉलरचे-खिशाचे साचे छान निघतात. यानं स्वतःच्याच छातीचे कापले होते.

सून दुकानातून साचे घेऊन आली. डॉक्टरीण एकेक तुकडा उजेडावर धरत गेली. कॉलरमध्ये खांद्याची हाडं निघाली. खिशाचा साचा धरला आणि ती थांबली. बरगड्यांमध्ये डाग, वाटाण्याएवढा. नव्या फोटोत त्याच जागी लिंबाएवढा.

"हा कधीचा?"

"मागच्या वर्षीचा," सून म्हणाली.

"इन्फेक्शन असतं तर निवळलं असतं. ही गाठ आहे. तिनं श्वासाची वाट अडवली म्हणून ताप येत राहिला."

"मग कापून काढा," मी म्हणाले.

"तेव्हा निघाली असती, आजी. आता दुसऱ्या फुप्फुसातही पसरली आहे."

मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं सगळं मुकाट ऐकून घेतलं. उलटून बोलली असती तर वाटलं असतं, अजून काही हातात आहे.

परतताना गाडीत मी साचे मांडीवर घेऊन बसले. थोरला बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"आई, बोल काहीतरी. तू गप्प बसलीस की भीती वाटते."

"वरची गुंडी लाव," मी म्हणाले. "शिंप्याचा पोर आणि गळा उघडा टाकून फिरतोय. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

त्यानं गुंडी लावली, डोकं मागे टेकलं. "अजून," म्हणाला.

घर येईपर्यंत मी बोलत राहिले.